दम लागणार नाही इतकंच

आधी हिशेब सांगते. वय ४८. नोकरी आरोग्यसेविकेची, त्यातली ११ वर्षं अक्राणी तालुक्यात, म्हणजे धडगावच्या डोंगरात, आणि आता शहाद्याजवळच्या एका सपाटीवरच्या उपकेंद्रात. डोंगरात होते तोवर रोज चालत होते आणि त्याला कुणी व्यायाम म्हणत नव्हतं. खाली बदली झाली, स्कूटी आली, दोन वर्षांच्या आत शुगर काठावर येऊन बसली. दुसऱ्यांचे रिपोर्ट बघून उपदेश करणाऱ्या बाईला स्वतःचा रिपोर्ट बघून लाज वाटली, म्हणून पहाटे धावायला लागले.

४२.१९५ किलोमीटरच्या पुढं जे काही धावतात त्याला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. ५० किलोमीटर, १०० किलोमीटर, १०० मैल, किंवा नुसतं घड्याळ लावून बारा तास, चोवीस तास. तसल्या शर्यतींच्या सुरुवातीला मी सात वेळा उभी राहिले आणि शेवटाला पाच वेळा पोहोचले. एकदा माझ्या वयोगटात तिसरा नंबर आला. गटात आम्ही तिघीच होतो.

आमच्याकडच्या दोन-तीन मुली आता धावायला लागल्या आहेत. त्यांनी विचारलं म्हणून हे लिहिते. आठवलं त्या क्रमानं आहे.

१. चढ आला की चालायचं

अक्राणीत नवी होते तेव्हाची गोष्ट. लसीकरणाचा दिवस. रस्ता संपला तिथं जीप थांबली आणि पुढं पाड्यापर्यंत दोन डोंगर होते. व्हॅक्सिन कॅरियर, ज्याला आम्ही नुसता डबा म्हणतो, बर्फाच्या पिशव्या भरल्या की चांगलाच जड होतो. सोबत पाड्यावरची आशाताई. मी विशीच्या शेवटाला, अंगात रग. पहिला चढ मी तरातरा चढले आणि दगडावर बसले. दुसरा अर्धा चढले आणि बसले. आशाताई मागून तिच्याच चालीनं आली, माझ्यापाशी थांबली नाही, पुढं गेली. तिसऱ्यांदा बसले तेव्हा वरून म्हणाली, "सिस्टर, दम लागणार नाही इतकंच चालायचं. मग थांबायला लागत नाही."

हे वाक्य मी पुढं अकरा वर्षं पाळलं आणि पहिल्याच शर्यतीत विसरले. सह्याद्रीतली ५० किलोमीटरची शर्यत होती. घाटाचा पहिला चढ मी धावत चढले, कारण धावायला म्हणून पैसे भरले होते आणि आजूबाजूला फोटो काढणारे होते. चालणाऱ्या कितीतरी जणांना मी मागं टाकलं. त्यातले एक आजोबा होते, हात मागं बांधून देवळात चालल्यासारखे चढत होते. पस्तिसाव्या किलोमीटरला ते त्याच चालीनं मला ओलांडून गेले आणि वर "चला, चला" म्हणाले.

खड्या चढावर धावणारा आणि झपझप चालणारा यांच्या वेगात फरक फार नसतो. काळजाच्या ठोक्यांत मात्र असतो, आणि त्याची वसुली पुढं तीस किलोमीटरवर होते. बोलता येत नाही इतका श्वास चढला की मी चालते; एवढं साधं माप आहे. मनगटावरच्या घड्याळाला विचारावं लागत नाही.

पुढं एकदा मी आपली आपण शहादा ते तोरणमाळ गेले. पन्नासेक किलोमीटर. म्हसावद, राणीपूरपर्यंत सपाटी, पपई आणि केळीच्या बागा, माणूस मजेत धावतो. आणि सगळा चढ, साधारण हजार मीटरचा, शेवटाकडं राखून ठेवलेला. महाशिवरात्रीच्या गोरखनाथाच्या यात्रेला लोक याच घाटानं पायी चढतात. मी सात पायरीचा सगळा घाट चालले. नवरा मोटरसायकलवर पाणी आणि डबा घेऊन सोबत होता. दर वळणावर थांबून वाट बघायचा. वर यशवंत तलावाशी पोहोचल्यावर म्हणाला, "मी गाडी ढकलत आणली असती तरी तुझ्या आधी आलो असतो." खरं होतं. पण मी उभी होते आणि भूक लागलेली होती. पहिल्या ५० किलोमीटरनंतर यातलं काहीच नव्हतं.

२. पाण्यानंही माणूस आजारी पडतो

हे लिहिताना मला अजून खजील व्हायला होतं. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात कसं कालवायचं हे मी शेकडो आयांना दाखवलं असेल. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. नुसतं पाणी का नको, हेही समजावून सांगितलं असेल. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच साध्या मिश्रणानं पटकीच्या रोग्यांना वाचवलं, ही गोष्ट आम्हाला प्रशिक्षणात सांगतात आणि मीही पुढं सांगायची.

आणि तीच मी, पहिल्या शर्यतीत, पाण्याच्या प्रत्येक टेबलावर दोन-दोन पेले साधं पाणी पीत गेले. ऊन होतं आणि घरून निघताना सगळ्यांनी एकच सांगितलं होतं: पाणी पीत राहा. अडतिसाव्या किलोमीटरला बोटं सुजली, बांगड्या रुतायला लागल्या, डोकं जड झालं, मळमळायला लागलं. मला वाटलं पाणी कमी पडतंय. आणखी प्यायले. एका पाणी केंद्रावरच्या बाईंनी माझा हात बघितला, पेला काढून घेतला आणि लिंबाच्या फोडीला मीठ लावून हातात दिली. "आता तहान लागेपर्यंत पाणी नाही," म्हणाल्या. त्या डॉक्टर होत्या की नुसत्या अनुभवी, विचारायचं राहून गेलं. उरलेलं अंतर चालत गेले.

घामावाटे मीठ जातं आणि वरून साधं पाणी भरत राहिलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं. त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं, आणि त्याचा सगळ्यात जवळचा संबंध धावताना वजन वाढण्याशी लागला. धावून आल्यावर वजन वाढलेलं असेल तर ते पाणी आहे. हे फार वाढलं तर झटके येतात, माणूस दगावतोही.

म्हणून आता मी तहान लागली की पिते. तीन-चार तासांच्या पुढचं धावणं असेल तर एका बाटलीत ओआरएस, मापात. दीड पट घट्ट नाही, निम्मं पातळ नाही. आणि मीठ खाल्लं म्हणून पाणी ढोसायची मुभा मिळत नाही, हेही सांगून ठेवते. कारण पुढच्या वर्षी मी तीच चूक उलट्या बाजूनं करायच्या बेतात होते.

३. "तुना मांगे कोन लागनं?"

पहाटे साडेचारला डांबरी रस्त्यावर एक बाई पळताना दिसली की आमच्याकडं पहिला अर्थ लागतो तो संकटाचा. ऊसगाडीवरच्या एका म्हाताऱ्यानं बैल थांबवून विचारलं होतं, "काय वं माय, तुना मांगे कोन लागनं?" मी म्हटलं, कोणी नाही. तो अंधारात मागं नीट बघून घेतल्यावरच पुढं निघाला.

पहिले सहा महिने मी पंजाबी ड्रेसवर धावले, ओढणी कमरेला बांधून. मग ट्रॅक पँट. त्यावर झालेली चर्चा लिहीत नाही, ज्यांनी केली ते आता आपल्या सुनांना घेऊन माझ्याकडं येतात. कुत्र्यांसाठी: थांबायचं आणि दगड उचलल्यासारखं वाकायचं, दगड नसला तरी चालतो. बिबट्यासाठी: उसाच्या कडेनं एकटीनं जायचं नाही, उजाडल्याशिवाय तर नाहीच. तळोदा-शहाद्याकडं बिबट्या हे भीतीचं कारण नुसतं बोलण्यापुरतं नाही. त्यामुळं थंडीत माझी पहाट उशिरा सुरू होते, आणि ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या उजेडाचा आधार वाटतो. त्यांच्या स्पीकरवरच्या गाण्यांचासुद्धा. नंदुरबारला बहिणीकडं राहिले की मिरचीच्या पथारींवरून धावायला जाते. लांबपर्यंत जमीन लाल झालेली असते, बघायला सुरेख. फक्त वारा आपल्याकडं नको. ठसका लागून तिथल्या तिथं वाकलेल्या मला पथारीवरच्या बायकांनी अनेकदा पाहिलं आहे आणि त्यांना त्याची मजा येते.

४. पोटाला शिकवावं लागतं

धावताना किलोमीटरमागं साधारण आपल्या वजनाच्या किलोंइतक्या कॅलरी जळतात. माझं वजन ५४. म्हणजे ५० किलोमीटरला २७००. शरीरात साखरेच्या रूपात साठवलेला शिधा दोन हजारांच्या आसपास. बाकीचं चरबीतून येतं, पण ते सावकाश येतं, मागितल्या वेळेला येत नाही. म्हणजे वाटेत खावं लागतं, भूक नसताना, तोंड कोरडं असताना, आणि मुख्य म्हणजे पोट "नको" म्हणत असताना.

मुंबईत १५ ऑगस्टला शिवाजी पार्कजवळून बारा तासांची शर्यत असते, पहाटे पाच ते संध्याकाळी पाच. त्यासाठी मी आदल्या दिवशी रेल्वेनं निघाले. डब्यात कळण्याची भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. नवापूर स्टेशन आलं. अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत असलेलं हे स्टेशन. तिथपर्यंत निम्मा डबा संपला होता. रात्री मुंबईत उरलेला संपवला. दुसऱ्या दिवशी विसाव्या किलोमीटरला ठेच्यानं आपलं अस्तित्व दाखवलं. पुढचे दोन तास माझी शर्यत रस्त्यावर कमी आणि स्वच्छतागृह शोधण्यात जास्त झाली. त्या दिवशी भर पावसात आणि दमट हवेत घाण्याच्या बैलासारखी त्याच रस्त्यावर ये-जा करत मी ६४ किलोमीटर केले. ठेचा नसता तर ७० झाले असते असं मी अजून म्हणते. नवरा म्हणतो, ६५.

आता आदल्या दिवशी वरण-भात, बटाटा, बस. धावताना उकडलेला बटाटा मिठात लोळवून, राजगिऱ्याचा लाडू, गूळ. सातपुड्यातली भगर शिजवून, किंचित तूप-मीठ घालून, पिशवीत दाबून बसवलेली. चावावी लागत नाही आणि उलटून येत नाही. बाजारात जेलच्या पुड्या मिळतात, त्या चांगल्याच असतात, पण शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा तोंडात घालू नयेत. कुठलीच गोष्ट शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा तोंडात घालू नये. लांबच्या सरावात दर अर्ध्या तासाला खायची सवय लावली की काही आठवड्यांत पोट ऐकायला लागतं.

आणि बायकांनो, पाळीची तारीख आणि शर्यतीची तारीख जुळली तर घाबरू नका. मी त्या दिवसांत ५० किलोमीटर केलेत. फक्त मार्गावर स्वच्छतागृहं कुठं आहेत हे आधी विचारून ठेवायचं. विचारायला लाजायचं नाही, कारण आयोजकांना कुणी विचारत नाही तोवर ती नसतात.

५. नखं

जातात. परत येतात. बूट अर्धा नंबर मोठा घ्या, नखं दोन दिवस आधी कापा, बोटांच्या बेचक्यांत आणि जिथं जिथं कापड घासतं तिथं खोबरेल किंवा व्हॅसलीन भरपूर लावा. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख तीनदा गेलंय. लग्नकार्यात मी पाय पदराखाली ठेवते.

६. उतार फुकट मिळत नाही

दिवाळीत तळोद्याहून अस्तंब्याची यात्रा निघते. अश्वत्थाम्याचं शिखर, कपाळावरच्या जखमेसाठी तो अजून तेल मागत फिरतो असं म्हणतात. हजारो तरुण पोरं रात्रभर डोंगर चढून जातात. आमच्या पथकाची नेमणूक खाली असायची. माझा अंदाज होता की चढून दमलेले लोक येतील. आले ते उतरताना मोडलेले. गुडघे, घोटे, थरथरणाऱ्या मांड्या. चढताना माणूस जपून असतो. दर्शन झालं, आता काय, म्हणून उड्या मारत येतो.

याचं कारण मला फार नंतर, सिंहगड-राजगड-तोरणा या डिसेंबरातल्या शर्यतीत, स्वतःच्या मांड्यांनी शिकवलं. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात. गाडीचे ब्रेक तापतात तसं हे आहे. स्नायूंचे धागे बारीक-बारीक फाटतात. दुखणं दुसऱ्या दिवशी कळतं, पण ताकद त्याच दिवशी जाते. राजगडावरून मी वाऱ्यासारखी उतरले. तोरण्यावरून उतरताना दगडाला धरून, बसून, एक-एक पाय खाली सोडत होते. मागून येणाऱ्या एका मुलानं विचारलं, "काकू, काही हरवलंय का?"

छोटी पावलं, गुडघा किंचित वाकलेला, नजर तीन पावलं पुढं. आणि सराव. सपाटीवर राहणाऱ्यांनी सराव कुठं करायचा? मी महिन्यातून दोनदा तोरणमाळला एसटीनं जाते आणि घाट उतरून येते. कंडक्टर आता येतानाचं तिकीट विचारत नाही.

७. दुखण्याची गोळी

धावताना घ्यायची नाही. आयब्रुफेन, डायक्लो, त्या जातीचं काहीच नाही. घाम गेलेला, रक्ताचा ओघ पायांकडं, मूत्रपिंड आधीच ताणात. त्यात ही गोळी म्हणजे त्यावर पाय देणं. दुखणं काहीतरी सांगत असतं ते ऐकू येत नाही, हा तोटा वेगळाच. शर्यतीत शेजारचा धावपटू आपुलकीनं गोळी काढून देतो. हात जोडायचे आणि पुढं जायचं. मी तर नर्स असून एकदा घेतली होती, आणि दुसऱ्या दिवशी लघवीचा रंग बघून रात्रभर झोपले नाही.

८. रात्री ठेका धरायचा

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीला मी ड्युटीवर गेले आहे. कमरेला घुंगरं आणि सुकलेले भोपळे, डोक्यावर मोरपिसांचे टोप, अंगावर पांढरी नक्षी, आणि ढोल. संध्याकाळपासून नाचायला सुरुवात होते आणि होळी पेटते पहाटे. मधल्या सगळ्या रात्रभर ते नाचत असतात. त्याआधी कितीतरी दिवस व्रत पाळलेलं. आमच्या टेबलावर चक्कर आली म्हणून येणारे बहुतेक बघे, नाचणारे क्वचित.

रात्री तीनच्या सुमाराला मी त्यांच्या पायांकडं बघत बसले होते. संध्याकाळच्या उड्या संपल्या होत्या. पाय जमिनीपासून जेमतेम उचलला जात होता, पण ठेका सुटत नव्हता. कुणाचाच सुटत नव्हता, कारण शेजारच्याचा चालू होता.

शंभर किलोमीटरच्या शर्यतीत रात्र लागतेच. हेडलॅम्पच्या उजेडाचा एक गोल तेवढा आपला आणि बाकी काळोख. दोन ते चार ही वेळ वाईट. दगड बकऱ्यांसारखे दिसतात. एका बकरीनं मान वळवून माझ्याकडं बघितलं होतं. अशा वेळी वेग, अंतर, उरलेले तास, यातलं काही मनात आणायचं नाही. पावलाला पाऊल. कुणी सोबत मिळालं तर त्याच्या पावलांच्या आवाजावर आपलं पाऊल टाकायचं, ओळख नसली तरी. मी एकदा एका बँकेतल्या गृहस्थांच्या मागून सतरा किलोमीटर अशी गेले. आम्ही तीनच वाक्यं बोललो आणि तिन्ही चहाबद्दल.

सोबत ठेवायच्या वस्तूंची यादी आयोजक देतात: जॅकेट, शिट्टी, सोनेरी-चंदेरी कागदासारखी ती ब्लँकेट, जादा बॅटरी. मला पूर्वी हे ओझं वाटायचं. २२ मे २०२१ला चीनच्या गान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या शर्यतीत अचानक गारपीट आणि वारा सुटला आणि २१ धावपटू गारठून गेले. त्यात नामांकित लोक होते, हौशी नव्हेत. खानदेशात ४४ डिग्रीत वाढलेल्या माणसाला थंडीनं मरण येतं हे पटत नाही. पटवून घ्यायचं.

९. सोडून देता आलं पाहिजे

शंभरच्या पहिल्या प्रयत्नात मी ७४व्या किलोमीटरला थांबले. थांबवली गेले, खरं तर. केंद्रावरच्या स्वयंसेवकानं नाव विचारलं, सांगितलं. गाव विचारलं, आणि मला शहादा आठवेना. अंग कापत होतं. माझ्यासमोर असा पेशंट आला असता तर मी दोन मिनिटांत रेफर केला असता. पण मी भांडले. माझं वय, माझी नोकरी, माझा अनुभव, सगळं काढलं. त्या पोरानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "ताई, गावाचं नाव सांगा आणि जा." मी बसले.

परतीच्या गाडीत आम्ही सहा-सात जण होतो, ब्लँकेटमध्ये. कुणी बोलत नव्हतं. मग कुणीतरी चिवड्याची पुडी फोडली आणि ती गाडीभर फिरली.

१९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. त्या वर्षीचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता, म्हणजे आजच्या व्याख्येनं चौगुले अल्ट्राच धावले असं मी गमतीनं म्हणते. त्याच शर्यतीत आणखी एक मराठी माणूस होता, सदाशिव दातार. त्यांची शर्यत पूर्ण झाली नाही. जहाजानं समुद्र ओलांडून गेलेला माणूस वाटेत कुठं थांबला, का थांबला, त्या क्षणी त्याला काय वाटलं असेल, याचा विचार मी चौगुल्यांपेक्षा जास्त वेळा केला आहे.

दक्षिण आफ्रिकेत १९२१पासून कॉम्रेड्स नावाची सुमारे नव्वद किलोमीटरची शर्यत होते. बारा तास भरले की बंदुकीचा बार होतो आणि रेषा बंद. बार काढणारा माणूस धावपटूंकडं पाठ करून उभा राहतो. कोण दोन पावलांवर आहे हे त्याला दिसू नये म्हणून. मला ही पद्धत क्रूर वाटायची; आता बरी वाटते.

शंभर किलोमीटर मी पुढच्या वर्षी दुसरीकडं पूर्ण केले. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. सगळं व्यवस्थित झालं.

१०. अंतर कुणाचं

हे मी कुठल्याच मुलीला सांगत नाही, कारण यातून काय शिकायचं ते मला उमगलेलं नाही.

अक्राणीत एकदा रात्री एका बाळंतिणीला बांबूला झोळी बांधून खाली आणलं. वर्तमानपत्रं याला बांबुलन्स म्हणतात. पाड्यावर याला नाव नाही. आता पुष्कळ ठिकाणी रस्ते झाले, नर्मदाकाठी तरंगता दवाखाना आहे, तरी झोळी अजून संपलेली नाही. त्या रात्री चार माणसं होती, दोन-दोन करून खांदा बदलत होती. मी मागून बॅटरी धरून. धावत कुणी नव्हतं, कारण धावलं की झोळी हिंदकळते. बोलतही कुणी नव्हतं. किती किलोमीटर होते ते मला अजून माहीत नाही. माझ्या हातात तेव्हा घड्याळ साधं होतं. बाळ-बाळंतीण दोघं वाचली, म्हणून लिहू शकते.

पुढं शर्यतीत मध्यरात्री, गळ्यात नंबर, टेबलावर कापलेली संत्री, टाळ्या वाजवणारी मुलं, अशा थाटात पळताना ती झोळी अनेकदा आठवली आहे. मी याच अंतरासाठी पैसे भरते, रजा टाकते, मेडल आणून भिंतीला लावते.

गेल्या वर्षी एका मोहिमेसाठी मला काही दिवस पुन्हा अक्राणीत पाठवलं. त्याच पाड्याला जायचं होतं. रस्ता पूर्वीपेक्षा बराच पुढं गेलाय, एकच डोंगर उरला. आशाताईचे केस पांढरे झालेत. मी मोबाइलमधला फोटो दाखवला, गळ्यात शंभरचं मेडल.

"एका दिवसात?" तिनं विचारलं.

"एक दिवस आणि थोडी रात्र."

"ओझं किती होतं?"

मी सांगितलं. दोन बाटल्या, जॅकेट, बॅटरी, थोडी भगर.

"पाठीवर मूल नाही?"

"नाही."

"मग बरं आहे," ती म्हणाली. माझ्या खांद्यावरचा डबा काढून घेतला, डोक्यावर ठेवला आणि निघाली. मी तिच्या पाठोपाठ. आठ वर्षांचा सराव होता, बूट महागाचे होते, आणि तिच्यापुढं जायचं असं काही मनात नव्हतं, निदान मी तसं म्हणते. पहिल्या वळणाला ती वीस पावलं पुढं होती. दुसऱ्या वळणाला दिसेनाशी झाली. तिसऱ्यावर पळसाखाली उभी सापडली, डबा अजून डोक्यावरच.

"बसा सिस्टर," ती म्हणाली. दम मलाच लागला होता.